मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे मिरर : वापरकर्त्याच्या बाजूने एक विचार

गोषवारा

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर जगभर पोहोचते ते मुख्यतः त्याच्या प्रतिसाठ्यांमुळे, म्हणजेच ‘मिरर’मुळे. मिररची चर्चा बहुधा सर्व्हर, साठवणक्षमता आणि बँडविड्थ यांच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात ती कोपरसारख्या उपनगरात मोबाइलच्या मोजक्या डेटावर सॉफ्टवेअर उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या अंगाने केली आहे. मिररची निवड, फाइलींची नावे, अर्ध्यावर तुटणारे डाउनलोड आणि फाइलच्या अस्सलपणाची खात्री या ठिकाणी वापरकर्ता अडतो. तेथे रचनाकाराला काय करता येते, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, मिरर, डाउनलोड, चेकसम, डिजिटल स्वाक्षरी, स्थानिक प्रतिसाठा

प्रास्ताविक

दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले कोपर हे स्थानक दोन पातळ्यांवर आहे. खालच्या फलाटांवर मुंबई–कल्याण मार्गावरच्या धीम्या लोकल थांबतात, तर वरच्या पातळीवर दिवा–वसई मार्गाच्या गाड्या. जलद लोकल येथे थांबत नाहीत. फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला या मार्गरचनेचे सविस्तर ज्ञान असावे लागत नाही. गाडी कोठे जाणार, धीमी की जलद, किती डब्यांची आणि किती मिनिटांत येणार, एवढे इंडिकेटरवर दिसले की त्याचे काम होते. मोटरमनकडचे वेळापत्रक कोणी त्याच्यापुढे धरीत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उतरवून घेण्याच्या पानांवर मात्र वर्षानुवर्षे साधारणपणे हेच होत आले आहे.

याच स्थानकावरून महाविद्यालयात जाणाऱ्या एका विद्यार्थ्याची कल्पना करू. संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी त्याला ‘आर’ ही संगणनप्रणाली हवी आहे, प्रकल्प-अहवालासाठी लिब्रेऑफिस हवे आहे आणि जुना लॅपटॉप फार मंद झाल्यामुळे त्यावर लिनक्स मिंट घालून पाहावे असे त्याच्या मनात आहे. ‘आर’ची विंडोजसाठीची फाइल सुमारे ८० मेगाबाइट, लिब्रेऑफिसची ३५० मेगाबाइटच्या आसपास आणि मिंटची जवळजवळ ३ गिगाबाइट. घरी तारेचे इंटरनेट नाही. मोबाइलवर दिवसाला दीड गिगाबाइटचा प्रीपेड प्लॅन आहे. ती मर्यादा संपली की अशा प्लॅनमध्ये वेग सर्वसाधारणपणे ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. या वेगाने लिब्रेऑफिस उतरायला बारा तासांहून अधिक आणि मिंट उतरायला सुमारे साडेचार दिवस लागतात. डायल-अप मोडेमच्या अखेरच्या काळातला ५६ केबीपीएस वेग आठवून पाहावा. डेटा संपलेला आजचा विद्यार्थी जवळजवळ त्याच ठिकाणी परत येतो. फरक इतकाच की फाइली मात्र तेव्हापेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या आहेत.

म्हणून मिररची रचना हा केवळ तंत्रज्ञांच्या सोयीचा विषय राहत नाही. सॉफ्टवेअर फुकट असले तरी ते घरी आणण्याचा खर्च शून्य नसतो, आणि रचना सदोष असेल तर तो खर्च दोनदा-तीनदा करावा लागतो.

मिरर म्हणजे काय

मूळ सर्व्हरवरील फाइलींचा संपूर्ण किंवा अंशतः संच दुसऱ्या ठिकाणी ठेवून तो ठरावीक वेळाने मुळाशी जुळवून घेतला जातो, तेव्हा त्या दुसऱ्या साठ्याला मिरर म्हणतात. जुळवणीसाठी बहुतेक ठिकाणी ‘आरसिंक’ हे साधन वापरतात. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ते प्रसिद्ध केले. दोन्हीकडच्या फाइलींची तुलना करून फक्त बदललेला भाग पाठवणे हे त्याचे मर्म आहे. त्यामुळे कित्येक टेराबाइटचा साठाही दररोज चार वेळा जुळवून घेणे परवडते.

जुळवणी चालू असताना साठा अर्धा नवा आणि अर्धा जुना असतो. अशा वेळी आलेल्या वापरकर्त्याला सूचीत नव्या आवृत्तीचे नाव दिसते, पण ती फाइल अजून पोहोचलेलीच नसते. डेबियन प्रकल्पाने यावर साधा उपाय योजला आहे. जुळवणी दोन टप्प्यांत करायची : आधी सर्व नव्या फाइली आणायच्या, मग सूची बदलायची आणि जुन्या फाइली शेवटी काढायच्या. किराणा दुकानदार माल फळीवर लागल्याखेरीज पाटीवर भाव लिहीत नाही, तसेच हे. वापरकर्त्याला या व्यवस्थेचा पत्ताही लागत नाही, आणि लागू नये.

सीडीपासून केबलपर्यंत

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. खासगी सेवादात्यांना १९९८च्या अखेरीस वाव मिळाला. त्या काळी लिनक्सची ७०० मेगाबाइटची सीडी डायल-अपवर उतरवायची म्हटली तर मोडेम पूर्ण क्षमतेने आणि एकदाही न तुटता चालला तरी अठ्ठावीस तास लागले असते. त्यामुळे येथील खरा मिरर म्हणजे सीडी होती. ‘पीसी क्वेस्ट’सारख्या संगणकविषयक मासिकांनी अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या, वापरकर्ता गटांच्या बैठकांत त्यांच्या प्रती निघाल्या आणि पुढे उबुंटूने ‘शिपइट’ योजनेखाली मागणी करणाऱ्याच्या पत्त्यावर टपालाने मोफत सीडी पाठवल्या. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. सीडीचे दोन गुण मात्र आजच्या डाउनलोड पानांत क्वचितच आढळतात. हातात आलेली वस्तू पूर्ण आहे हे दिसत असे, आणि ती शेजाऱ्याला देता येत असे.

दूरच्या सर्व्हरवर विसंबण्यातला धोका ३० जानेवारी २००८ रोजी ठळकपणे दिसला. अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबल तुटल्या आणि भारताची परदेशाशी असलेली जोडणी मोठ्या प्रमाणात ढासळली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हाही भारतासह अनेक देशांत वेग मंदावल्याच्या नोंदी झाल्या. देशांतर्गत मिरर असेल तर अशा दिवशी निदान सॉफ्टवेअरचा पुरवठा चालू राहतो. अशा मिररची परंपरा आपल्याकडे मुख्यतः शिक्षणसंस्थांनी राखली. चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, मद्रास व कानपूर येथील आयआयटी आणि भुवनेश्वरची नायसर ही नावे मुक्तस्रोत प्रकल्पांच्या मिरर-याद्यांत वेळोवेळी दिसत आली आहेत.

जवळ म्हणजे नेमके कोठे

कोपरपासून ऐरोली आणि महापे यांचे हवाई अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर आहे. मध्ये पारसिकचा डोंगर. ठाणे–बेलापूर पट्ट्यात आज मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तेव्हा तेथे ठेवलेली फाइल कोपरला सर्वांत लवकर मिळेल, असे कोणासही वाटेल. हे गृहीतक नेहमी खरे ठरत नाही. फाइलचा मार्ग नकाशावरून ठरत नाही. विद्यार्थ्याचा सेवादाता आणि मिरर ज्याच्या जाळ्यात आहे तो सेवादाता हे दोघे कोठे जोडलेले आहेत, यावरून तो ठरतो. ते मुंबईतच जोडलेले असतील तर फाइल डोंगर ओलांडून येते. नसतील तर ती चेन्नई किंवा सिंगापूरला वळसा घालून येऊ शकते. भारतीय सेवादात्यांमधली देवाणघेवाण देशातच व्हावी यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली आणि मुंबई हे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. त्याआधी मुंबईतल्या एका सेवादात्याकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती अमेरिकेत जाऊन परत येणे हा काही अपवाद नव्हता.

याचा अर्थ असा की वापरकर्त्याला मिररची यादी देऊन ‘जवळचा निवडा’ असे सांगणे म्हणजे त्याला ठाऊक असण्याचे काहीही कारण नसलेला प्रश्न विचारणे होय. ‘आर’ प्रणालीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तिच्या पुरवणी-संचांचे कोठार ‘क्रॅन’ या नावाने ओळखले जाते. १९९७ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्यात १२ संच आणि ३ मिरर होते. पुढे मिररची संख्या वाढत गेली. विद्यार्थी पहिल्यांदाच एखादा संच मागतो तेव्हा त्याच्यापुढे देशांच्या वर्णानुक्रमे लावलेली लांबलचक यादी उभी राहते आणि त्यातून एक मिरर निवडण्याचा आदेश येतो. संख्याशास्त्राच्या वर्गात या क्षणी हात वर होतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. कालांतराने यादीच्या माथ्यावर ‘०-क्लाउड’ अशी नोंद आली. ती मागणी आपोआप जवळच्या सर्व्हरकडे वळवते. नावाच्या आरंभी शून्य आहे ते केवळ वर्णानुक्रमात ही नोंद सर्वांत वर यावी म्हणून. उपाय कामचलाऊ आहे खरा. पण त्याने जितक्या विद्यार्थ्यांचा वेळ वाचवला असेल तितका एखाद्या देखण्या पानानेही वाचवला नसता.

निवड आपोआप करणाऱ्या व्यवस्थेला पुनर्निर्देशक म्हणता येईल. ओपनसुसे प्रकल्पासाठी तयार झालेला ‘मिररब्रेन’ आणि व्हिडिओलॅनसाठी तयार झालेला ‘मिररबिट्स’ ही याची प्रसिद्ध उदाहरणे. मागणी आली की पुनर्निर्देशक त्या पत्त्याचा देश आणि जाळे पाहतो, कोणत्या मिररकडे ती फाइल खरोखर आहे हे आपल्या नोंदींत तपासतो, बंद पडलेले किंवा मागे राहिलेले मिरर वगळतो आणि उरलेल्यांपैकी एकाकडे मागणी वळवतो. हे सर्व क्षणार्धात होते. येथे एक सावधगिरी हवी. मोबाइल जाळ्यात हजारो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात आणि तो पत्ता भलत्याच शहराच्या नावे नोंदलेला असू शकतो. म्हणून शहरापेक्षा जाळे ओळखून निवड करणे अधिक विश्वसनीय ठरते. निवड आपोआप झाली तरी ‘दुसऱ्या ठिकाणाहून घ्या’ हा दुवा पानावर ठेवलाच पाहिजे. आपोआप केलेली निवड चुकते तेव्हा वापरकर्त्याला वाट राहत नाही, आणि असा पर्याय नसलेली पाने आजही पुष्कळ आहेत.

नावांचा घोटाळा

कोपर आणि कोपरखैरणे या दोन वेगळ्या जागा आहेत हे स्थानिकांना सांगावे लागत नाही. पाहुण्यांना मात्र आवर्जून सांगावे लागते. फाइलींच्या नावांची तीच गत आहे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांत वारंवार पाहिलेली एक अडचण येथे नोंदवावीशी वाटते. डेबियन आणि उबुंटूच्या नेहमीच्या ६४-बिट फाइलीच्या नावात ‘एएमडी६४’ हे शब्द असतात. ज्याच्या लॅपटॉपवर इंटेलचे चिन्ह आहे असा विद्यार्थी ती फाइल टाळतो आणि इंटेलची म्हणून दुसरीच कोणती तरी शोधत बसतो. वस्तुतः ही ६४-बिट संचरचना एएमडी कंपनीने आधी मांडली आणि इंटेलने पुढे स्वीकारली. म्हणून ते नाव राहिले, आणि फाइल दोघांनाही चालते. इतिहास म्हणून ही गोष्ट रंजक आहे. डाउनलोडच्या पानावर मात्र तिच्यापायी दोन-तीन गिगाबाइट वाया जातात.

फाइलचे नाव बदलणे सोपे नसते, कारण असंख्य स्वयंचलित साधने त्या नावावर अवलंबून असतात. पण नावाशेजारी साध्या भाषेत एक ओळ लिहिण्यास कोणतीच आडकाठी नाही : ‘२०१० नंतर घेतलेल्या बहुतेक सर्व विंडोज लॅपटॉपसाठी हीच फाइल.’ त्याच ओळीत आकार किती आणि तो एका दिवसाच्या डेटात बसेल की नाही, हेही सांगता येते. कित्येक पानांवर आकार दिसतो तो डाउनलोड सुरू झाल्यावर. प्रीपेड प्लॅन वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या वेळी फार उशीर झालेला असतो.

भाषेची बाबही येथेच येते. लिब्रेऑफिसचे मराठी रूप उपलब्ध आहे. विंडोजच्या फाइलीत इतर भाषांबरोबर ते अंतर्भूतच असते. पण प्रस्थापना करताना ‘कस्टम’ हा पर्याय निवडून भाषांच्या यादीत मराठीवर खूण करावी लागते. लिनक्सवर थेट प्रकल्पाच्या पानावरून घेणाऱ्याला मुख्य संच, भाषासंच आणि साहाय्यसंच असे तीन वेगळे डाउनलोड करावे लागतात. ही माहिती नसल्यामुळे ‘यात मराठी नाही’ असा निष्कर्ष काढून लोक थांबतात. एका बाजूला स्वयंसेवकांनी हजारो वाक्ये मराठीत आणायची आणि दुसऱ्या बाजूला डाउनलोडच्या पानावर त्याचा उल्लेखही सापडू नये, ही विसंगती खटकणारी आहे.

आणखी एक गोष्ट. अनेक पाने ब्राउझरवरून वापरकर्त्याची प्रणाली ओळखतात आणि फक्त तिच्यासाठीचे बटण दाखवतात. आपला विद्यार्थी मात्र फाइल मोबाइलवर उतरवतो आणि ओटीजी केबलने किंवा पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर नेतो. पान त्याला अँड्रॉइडचे अॅप सुचवते. अनुमान करावे, पण ‘दुसऱ्या संगणकासाठी हवे आहे’ हा पर्याय त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत असावा.

अर्ध्यावर तुटलेले डाउनलोड

लोकल मुंब्र्याच्या बोगद्यात शिरली किंवा रात्री वीज गेली की डाउनलोड तुटते. ८५ टक्के फाइल आलेली असते. ती पुढे चालू करता येणे ही वापरकर्त्याची बहुधा सर्वांत मोठी गरज आहे, आणि रचनाकाराचे सर्वांत कमी लक्ष जाते तेही येथेच.

तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. ‘या फाइलचा अमुक क्रमांकाच्या बाइटपासून पुढचा भाग दे’ अशी मागणी ब्राउझर करू शकतो आणि बहुतेक सर्व्हर ती पुरी करतात. अडचण येते ती अनेक मिरर असल्यामुळे. पहिला भाग एका मिररवरून आला आणि दुसऱ्या खेपेला पुनर्निर्देशकाने वेगळ्याच मिररकडे पाठवले, तर ही तीच फाइल आहे का, याची खात्री ब्राउझरला हवी असते. ती खात्री तो सर्व्हरने दिलेल्या ओळखचिठ्ठीवरून करतो. अपाची या सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांत ही चिठ्ठी बनवताना फाइलचा त्या विशिष्ट डिस्कवरील अंतर्गत क्रमांकही वापरला जात असे. परिणामी अक्षरशः एकसारख्या दोन फाइलींच्या चिठ्ठ्या निराळ्या निघत आणि ब्राउझर पुन्हा शून्यापासून आरंभ करी. सर्व्हर चालवणाऱ्याने एका ओळीचा बदल केला की हे टळते. पण ज्याचे अडीच गिगाबाइट वाया गेले त्याला हे कारण कधीच कळत नाही. तो आपल्या नेटवर्कला दोष देतो.

‘नवीनतम’ अशा नावाचा कायम दुवा हाही असाच एक सापळा आहे. सोमवारी त्या दुव्यामागे एक आवृत्ती असते आणि मंगळवारी दुसरी. दोन दिवस रखडलेल्या डाउनलोडमध्ये पहिला तुकडा जुन्या फाइलचा आणि दुसरा नव्या फाइलचा, असे जोडले जाऊ शकते. म्हणून असा दुवा सोयीसाठी ठेवला तरी त्याने वापरकर्त्याला ताबडतोब आवृत्तिक्रमांक असलेल्या फाइलकडे पोहोचवावे, आणि आधीच्या आवृत्त्या निदान काही आठवडे तरी हटवू नयेत.

‘मेटालिंक’ हा २०१० मध्ये इंटरनेट-मानक म्हणून नोंदला गेलेला नमुना या सर्वांवरचा नेटका उपाय आहे. ती एक छोटी फाइल असते. मोठी फाइल कोणकोणत्या मिररवर आहे, तिचा आकार किती आणि तिच्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम काय, हे तिच्यात लिहिलेले असते. डाउनलोड करणारे साधन ती वाचून एक मिरर बंद पडला तर दुसऱ्याकडे वळते आणि एखादा तुकडा बिघडला असेल तर तेवढाच पुन्हा आणते. दुर्दैवाने नेहमीच्या ब्राउझरांनी त्याचा स्वीकार केला नाही, आणि वेगळे साधन आधी बसवायला सांगितले की नवखा वापरकर्ता तेथेच थांबतो.

फाइल पूर्ण आहे आणि फाइल अस्सल आहे

डाउनलोडच्या पानावर ‘एसएचए-२५६’ या नावापुढे ६४ अंकाक्षरांची एक माळ दिलेली असते. ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी वापरली जाते आणि येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पहिला प्रश्न : फाइल वाटेत बिघडली तर नाही ना? याचे उत्तर चेकसम चोख देतो. दुसरा प्रश्न : ही फाइल खरोखर त्या प्रकल्पाचीच आहे का? याचे उत्तर चेकसम एकटा देऊ शकत नाही. ज्याने फाइल बदलली त्याने पानावरचा चेकसमही बदललेला असू शकतो.

ही भीती काल्पनिक नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये सोर्सफोर्जच्या कोरियातील एका मिररवर ‘पीएचपीमायअॅडमिन’ची छुपे दार घातलेली प्रत आढळली. मूळ साठा शुद्ध होता. फक्त एक मिरर दूषित झाला होता. २० फेब्रुवारी २०१६ रोजी याच्या उलट घडले. लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडचा दुवा छुपे दार असलेल्या प्रतीकडे वळवला गेला. म्हणजे मिरर शुद्ध, पण पान दूषित. त्याआधी २००८ मध्ये अॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी काल्पनिक कंपनीच्या नावाने सर्व्हर भाड्याने घेऊन तो अनेक प्रमुख लिनक्स प्रकल्पांच्या अधिकृत मिरर-यादीत नोंदवून दाखवला होता. मिरर खोटी फाइल देऊ शकला नाही तरी जुनीच फाइल देत राहून सुरक्षा-सुधारणा अडवून ठेवू शकतो, हा त्यांचा मुद्दा विशेष महत्त्वाचा होता. डेबियनच्या सूचींत दिसणारी ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ ही नोंद अशा अडवणुकीवरचाच इलाज आहे.

खरा आधार डिजिटल स्वाक्षरीचा असतो. प्रकल्पाच्या खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी मिरर चालवणाऱ्याला बनवता येत नाही. लिनक्सवर एकदा प्रणाली बसली की पुढची तपासणी पॅकेज-व्यवस्थापक स्वतः करतो : स्वाक्षरीवरून सूची, सूचीतील चेकसमवरून प्रत्येक संच. वापरकर्त्याने काहीच करावे लागत नाही, आणि म्हणूनच ही तपासणी प्रत्यक्षात होते. पहिल्या वेळी, विंडोजवर बसून मिंटची फाइल उतरवणाऱ्याला मात्र हा आधार नसतो. त्याला आज्ञावलीची खिडकी उघडून माळ काढायला आणि डोळ्यांनी ताडून पाहायला सांगितले जाते. किती जण हे करत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. निदान सूचनेची भाषा तरी बदलता येईल. ‘चेकसम पडताळा’ याऐवजी ‘फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का, हे पाहण्याच्या तीन पायऱ्या’ असे लिहिले आणि प्रत्येक पायरीचे चित्र दिले, तर करणाऱ्यांची संख्या वाढण्यास हरकत नाही.

मिरर आणि भलतीच डाउनलोड-स्थळे यांतला भेदही येथे स्पष्ट करायला हवा. मिरर प्रकल्पाच्या संमतीने, फाइलमध्ये काहीही न बदलता चालतो. भलती स्थळे स्वतःचा इन्स्टॉलर जोडतात, आणि त्यांच्या पानावर हिरव्या रंगाची चार ‘डाउनलोड’ बटणे असली तर त्यांतली तीन जाहिराती असतात. नामांकित स्थळेही या मोहापासून अलिप्त राहिली नाहीत. सोर्सफोर्जवरील फसव्या जाहिराती आणि जोड-इन्स्टॉलर यांना कंटाळून जिंप प्रकल्पाने नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथून आपले विंडोज-वितरण हलवले. मालकी बदलल्यावर २०१६ मध्ये सोर्सफोर्जने जोड-इन्स्टॉलरची ती योजना बंद केली. भारतात २०२२च्या फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत व्हीएलसी या लोकप्रिय माध्यम-वादकाचे मूळ संकेतस्थळ अवरोधित होते. अशा वेळी गरजू माणूस शोधयंत्रात जे पहिले दिसेल तेथून फाइल घेतो. देशातल्या विश्वसनीय संस्थांचे मिरर लोकांना नावाने ठाऊक असते, तर त्या नऊ महिन्यांत अनेकांची वाट चुकली नसती.

मुंबईतील एक चांगले उदाहरण

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे दृक्-श्राव्य पाठ तो मराठीसह अनेक भारतीय भाषांत देतो. हा काटेकोर अर्थाने सॉफ्टवेअरचा मिरर नव्हे. पण त्याच्या संकेतस्थळावरची एक सोय या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. शिक्षकाने हवे ते सॉफ्टवेअर, पातळी आणि भाषा निवडायची; निवडीनुसार एकूण आकार किती होईल ते दिसते आणि तेवढ्याच पाठांचा एक संच तयार होऊन मिळतो. तो पेनड्राइव्हवर घेऊन इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळेत चालवता येतो. आधी आकार, मग निर्णय, मग एकच फाइल आणि ती इतरांना देण्याची मुभा : सीडीच्या काळातील गुण येथे पुन्हा दिसतात. यामागे जाळे नसलेल्या महाविद्यालयांचा विचार झाला आहे, हे उघड आहे.

महाविद्यालयाने काय करावे

कोपर–डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांना देशव्यापी मिरर चालवणे परवडणारे नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. त्यांना जमेल ते प्रयोगशाळेपुरते. चाळीस संगणकांवर लिब्रेऑफिस स्वतंत्रपणे उतरवले तर १४ गिगाबाइट लागतात. १० एमबीपीएसच्या जोडणीवर तीन तासांहून अधिक. तीच फाइल एकदा आणून अंतर्गत जाळ्यावर ठेवली तर बाहेरून आणण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. यासाठी एखादा जुना संगणक आणि एक टेराबाइटची डिस्क पुरते. सर्व काही साठवण्याचा हव्यास मात्र धरू नये. अभ्यासक्रमाला लागणारी दहा-बारा सॉफ्टवेअर, प्रत्येकाची चालू आणि आधीची अशा दोनच आवृत्त्या, मराठी फाँट आणि भाषासंच, आणि ‘आर’चे नेहमीचे पुरवणी-संच एवढे पुरेसे आहे. विद्यार्थ्यांना पेनड्राइव्हवर प्रत नेण्याची लेखी मुभा द्यावी. मुक्तस्रोत परवान्यांनुसार प्रती देण्यास आडकाठी नसते, हे अजूनही अनेक प्रयोगशाळा साहाय्यकांना ठाऊक नसते आणि ते ‘कॉपी करू नका’ असेच सांगतात.

अंतर्गत मिररच्या पहिल्या पानावर मराठीत चार गोष्टी असाव्यात : सॉफ्टवेअर कशासाठी आहे, कोणत्या संगणकावर चालेल, आकार किती आणि ही प्रत मूळ साठ्याशी शेवटची कधी जुळवली. चौथी गोष्ट सहसा विसरली जाते. डेबियनच्या प्रत्येक मिररवर अशी वेळ नोंदणारी एक लहानशी फाइल असते आणि ती जुळवणीसरशी आपोआप बदलते. महाविद्यालयाच्या पानावरही ती तारीख हाताने न लिहिता जुळवणी करणाऱ्या आज्ञावलीनेच लिहावी. सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडल्यावर तेथे एप्रिलची तारीख दिसली, तर जूनच्या पहिल्या प्रात्यक्षिकाआधी जुळवणी करून घ्यावी.